दीड वर्ष एसईओ सेवा घेतल्यानंतर: काय मिळालं आणि काय विकत मिळत नाही

एसईओची, म्हणजे गूगलच्या शोधात आपली वेबसाइट वर यावी यासाठीच्या कामाची, सेवा घ्यावी का, असं गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन-चार उद्योजकांनी मला विचारलं. प्रत्येक वेळी फोनवर घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं गेलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते आहे.

आमचा व्यवसाय यंत्रांना लागणाऱ्या सीलचा. ओ-रिंग, ऑइल सील, हायड्रॉलिक सिलिंडरचे सील किट. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कारखान्यांतले मेंटेनन्सवाले. यंत्र गळायला लागलं की ते गूगलवर शोधतात आणि उत्तर त्यांना लगेच हवं असतं. त्या क्षणी आपण त्यांना सापडावं, एवढ्यासाठी ही सेवा घेतली. 18 महिने झाले. पहिली एजन्सी 6 महिने होती, दुसरीला आता 12 महिने झाले आणि तिच्याबरोबर काम चालू आहे.

पहिल्या एजन्सीचं आश्वासन होतं, 30 दिवसांत पहिल्या पानावर, तेही लेखी हमीसह. लेखी आहे म्हटल्यावर माझा विश्वास बसला. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलने आपल्या मदत पानांवर स्पष्ट लिहून ठेवलंय, हे मी पुढे कधीतरी वाचलं. पण खरी गोष्ट अशी की त्या एजन्सीने हमी पाळली! 20 कीवर्ड, म्हणजे गूगलवर शोधताना टाकायचे शब्द, त्यांनीच निवडले होते. त्यातला एक आमच्या कंपनीचं नाव. बाकीचे इतके लांबलचक आणि अडगळीतले की ते शब्द टाकून कोणी काही शोधतच नव्हतं. जिथे शोधणारा नाही तिथे स्पर्धकही नसतो, आणि पहिला नंबर सहज मिळतो. महिन्याच्या रिपोर्टमध्ये 20 पैकी 17 शब्द हिरवे दिसायचे. फोन मात्र पूर्वीइतकेच वाजत होते.

त्या रिपोर्टमधली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती अजूनही बऱ्याच जणांना दाखवली जाते: डोमेन ऑथॉरिटी. आमचा हा आकडा दर महिन्याला थोडा वाढत होता आणि मला त्याचं समाधान वाटत होतं. एखादी वेबसाइट शोधात किती वर येऊ शकेल याचा अंदाज देणारं, मॉझ या कंपनीने बनवलेलं हे माप आहे. दोन वेबसाइटची ढोबळ तुलना करायला ते ठीक, पण गूगल आपली क्रमवारी ठरवताना ते वापरत नाही. तसंच मेटा कीवर्डचं. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये शब्दांची माळ भरून त्याचे तास लावले गेले होते. क्रमवारीसाठी हा टॅग आम्ही बघत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. शिवाय सल्ला असा मिळाला की जाहिराती चालू करा, म्हणजे खालचे फुकटचे निकालही वर येतील. तसं होत नाही. जाहिरातीचे पैसे भरल्याने नेहमीच्या निकालांतली जागा बदलत नाही, हेही गूगलने लिहूनच ठेवलंय.

आणि बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक. दर महिन्याला शंभरेक लिंक, कुठल्या तरी निर्देशिकांमधून, सीलशी काडीचा संबंध नसलेल्या पानांवरून. एजन्सी सोडल्यावर मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती. 2012 मध्ये गूगलच्या पेंग्विन नावाच्या अपडेटने अशाच लिंकांपायी कित्येक वेबसाइट खाली ढकलल्या होत्या, हे वाचून झोप उडाली. दुसऱ्या एजन्सीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सर्च कन्सोलमधला (आपली वेबसाइट शोधात कशी दिसते हे सांगणारं गूगलचं साधन) मॅन्युअल ॲक्शनचा, म्हणजे गूगलने केलेल्या दंडाचा, रिपोर्ट उघडून दाखवला. तिथे काही नव्हतं. 2016 पासून गूगल अशा लिंकांकडे बहुतेक दुर्लक्ष करतं, असं त्यांनी सांगितलं. लिंक नाकारण्याचं साधन आहे, पण दंड झालेला नसताना ते वापरायची घाई नको, म्हणाल्या. हे काम त्यांना बिलात सहज घालता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि तिथून माझा त्यांच्यावर विश्वास बसायला सुरुवात झाली.

निघताना एक पेच आला होता. सर्च कन्सोल आणि ॲनालिटिक्स (वेबसाइटवर कोण किती आलं ते मोजणारं साधन), दोन्ही पहिल्या एजन्सीच्या ईमेल खात्यावर उघडलेले. डोमेन माझ्या नावावर होतं म्हणून वाचले. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या पत्त्याच्या तांत्रिक नोंदींमध्ये, एक नोंद टाकून मालकी सिद्ध करता येते, तशी ती केली, मग त्यांची परवानगी काढली. ॲनालिटिक्स मात्र मागून मागूनही मिळालं नाही, नव्याने सुरू करावं लागलं. तुम्ही आज कुणाला काम देणार असाल तर आधी डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स आणि गूगल बिझनेस प्रोफाइल ही पाचही खाती स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि मग त्यांना परवानगी द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसऱ्या एजन्सीने पहिले तीन महिने एकही लेख लिहिला नाही, एकही लिंक आणली नाही. त्यांनी फक्त तपासणी केली. निघालं ते असं: दोन वर्षांपूर्वी वेबसाइट नव्याने बांधताना डेव्हलपरने उत्पादनांच्या सगळ्या विभागावर नोइंडेक्सचा टॅग लावला होता. काम अर्धवट असताना तो लावतातच. वेबसाइट सुरू झाल्यावर तो काढायचा राहून गेला. म्हणजे ज्या पानांसाठी आम्ही 6 महिने पैसे मोजले, ती पानं यादीत घेऊ नका, असं आम्हीच गूगलला सांगत होतो. आधीच्या 40 पानी रिपोर्टांमध्ये याचा उल्लेख एकदाही नव्हता. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुसरं काही करू शकले नाही.

शिवाय जुन्या वेबसाइटचे पत्ते बदलले होते आणि त्यांना 301 रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय, दिलेलं नव्हतं, त्यामुळे वर्षानुवर्षं लोकांनी दिलेल्या लिंक रिकाम्या पानावर येऊन पडत होत्या. मापांचे तक्ते स्कॅन केलेल्या फोटोच्या रूपात होते. फोटो इतके जड होते की मोबाइलवर पान उघडायला बराच वेळ लागायचा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो. आता आहोत. वेग वाढल्यामुळे क्रमांक वर गेला का, ते मला सांगता येणार नाही, पण पान उघडायच्या आत निघून जाणारे लोक नक्की कमी झाले.

एजन्सीने करून द्यायची कामं ही. ती महत्त्वाची आहेत, आणि मालकाला स्वतःला जमण्यासारखी नाहीत. पण ती संपतात. त्यानंतर जे लागतं ते कुठलीच एजन्सी विकत देऊ शकत नाही, आणि या 18 महिन्यांत मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

झालं असं की दुसऱ्या एजन्सीच्या चौथ्या महिन्यात तिच्या लेखकाने पाच लेख पाठवले. भाषा स्वच्छ होती, चूक एकही नव्हती. विषय, ‘सील म्हणजे काय’ आणि ‘योग्य सील निवडण्याचे फायदे’. ते वाचून मी स्वतःला विचारलं, सिलिंडर गळतोय आणि मशीन बंद पडलंय, तो माणूस हे वाचेल? मग आम्ही फोनशेजारी एक वही ठेवली. दोन आठवडे प्रत्येक फोनवर गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न काय विचारला, तो त्याच्याच शब्दांत लिहायचा. वही भरली. ‘जुनी ओ-रिंग ताणली गेलीय, माप कसं घेऊ?’ ‘नवीन ऑइल सील आठवड्यात परत का गळतं?’ ‘काळं रबर तेलात फुगलं, कुठलं घालू?’

याची उत्तरं आमच्या दुकानात 20 वर्षं काम केलेल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी येतात. ओ-रिंगचा बाहेरचा घेर मोजत बसू नका, आतला व्यास आणि जाडी घ्या, आणि रिंग ताणलेली असेल तर खाचच मोजा. ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं, तिथे नायट्राइल हवं, आणि तेल फार तापत असेल तर व्हायटॉन. नवीन सील लगेच गळालं तर दोष बहुतेक वेळा सीलचा नसतो, जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडलेली असते. हे आम्ही बोलत गेलो, एजन्सीने नीट मांडलं, फोटो आम्ही काढले. एका पानाला तीन-चार बैठका लागायच्या. धंदा सांभाळून ते जड जातं, खोटं कशाला सांगू. पण आज आमच्याकडे गूगलवरून येणाऱ्या चौकशा मुख्यतः याच पानांवरून येतात. ‘तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, सगळं आम्ही बघू’ असं सांगणारी एजन्सी नेमका हाच भाग वगळते.

आता वेळ किती लागतो? चार महिने ते एक वर्ष, असं गूगलच्या लोकांनीच सांगितलंय, आणि आमचा अनुभव तसाच आहे. नोइंडेक्स काढल्यावर पानं यादीत यायला काही आठवडे गेले. पहिली चौकशी, जी नक्की गूगलवरून आली असं म्हणता येईल, ती दुसऱ्या एजन्सीच्या पाचव्या महिन्यात. नियमितपणा आला आठव्या-नवव्या महिन्यात. तुम्हाला याच महिन्यात ऑर्डर हव्या असतील तर जाहिराती करा, एसईओ त्यासाठी नाही.

मधल्या काळात एक पडझडही झाली. गूगल वर्षातून काही वेळा मोठं कोअर अपडेट, म्हणजे क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, आणतं, तशातलं एक आलं आणि आमची काही पानं दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गेली. मी रात्री फोन केला. बाईंनी सांगितलं, अपडेट पूर्ण होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, मग बघू. ते पूर्ण व्हायला दोनेक आठवडे लागले. काही पानं परत वर आली, दोन आजतागायत आली नाहीत. कोणाचीही चूक नसताना असं होऊ शकतं, कारण दुसऱ्या कुणाचं पान वाचकाला जास्त उपयोगी ठरलेलं असतं. वर्षाचं नियोजन करताना हे धरूनच चाला.

आकडे वाचायला शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सर्च कन्सोलमधला सरासरी क्रमांक आमच्याकडे मधे चांगलाच घसरला आणि मी घाबरले. कारण उलटंच होतं. नवीन पानं शेकडो नव्या प्रश्नांसाठी चाळिसाव्या-पन्नासाव्या जागी दिसू लागली होती, त्यामुळे सरासरी खाली आली. क्लिक त्याच महिन्यात वाढले होते. स्वतःच्या फोनवर स्वतःलाच शोधून क्रमांक बघणंही सोडून द्या. ठिकाण आणि आधीचे शोध यांमुळे निकाल बदलतात. सर्च कन्सोलमध्ये फक्त 16 महिन्यांची माहिती राहते, हे मला उशिरा कळलं, तोवर माझे सुरुवातीचे दोन महिने पुसले गेले होते. आता दर महिन्याच्या एक तारखेला सगळं उतरवून घेते.

अलीकडे आणखी एक बदल झालाय. 2024 पासून गूगल अनेक शोधांना वरच एआयचं तयार उत्तर दाखवतं. आमचं ओ-रिंगच्या मापाचं पान पूर्वीपेक्षा जास्त वेळा दिसतं, पण त्यावरचे क्लिक कमी झालेत. साध्या माहितीच्या प्रश्नांना ही गळती लागणारच. ‘हेच सील मिळेल का, कधी मिळेल’ विचारणारा मात्र अजून आत येतो. म्हणून आम्ही एजन्सीशी बसून मोजमाप बदललं. आता रिपोर्ट एका पानाचा असतो: किती चौकशा आल्या, कुठल्या पानावरून, त्यातल्या किती कामाच्या निघाल्या, या महिन्यात काय केलं, पुढच्या महिन्यात काय करणार. ‘कामाची’ कुठली हे आम्ही ठरवतो, कारण ते फक्त आम्हालाच माहीत असतं. प्रत्येक फोनवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारायची सवय त्यासाठी लावून घ्यावी लागली.

तक्रारीही आहेत. डेव्हलपर वेगळा आणि एजन्सी वेगळी, त्यामुळे छोटी दुरुस्तीसुद्धा दोन-दोन आठवडे अडकते, आणि ती कोणी करायची हे करारात लिहिलेलं नव्हतं. लेखांचा पहिला मसुदा अजूनही बऱ्याचदा कोरडा येतो. वर्षातून दोनदा माणूस बदलला, तेव्हा सीलची सगळी बाराखडी पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागली.

करार पुढच्या सहा महिन्यांसाठी वाढवलाय, पण तास निम्मे करून. तांत्रिक काम आता देखरेखीपुरतं उरलंय. जी बचत झाली त्यातून हायड्रॉलिक सिलिंडरच्या खाचा मोजण्यावर फोटोंसह पाच पानं करायची ठरली आहेत. फोनशेजारची वही दुसरी सुरू झालीय. गेल्या आठवड्यात आलेल्या एका चौकशीत आतला व्यास, जाडी, तेल कुठलं आणि ते किती तापतं, सगळं क्रमाने लिहिलेलं होतं, आमच्या पानावर सांगितलंय अगदी तसंच. पूर्वी एवढी माहिती मिळवायला तीन फोन करावे लागायचे. सील त्याच दिवशी रवाना झालं.