‘अनिल सोरिके’ आणि माझे २८,३०० रुपये

बेळगावच्या उद्यमबागेत माझं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. साच्यांना थंड पाणी देणारा चिलर दहा टनी (टन म्हणजे इथं गार करायची ताकद), जुना, आर-२२ या गार करणाऱ्या गॅसवरचा. मार्चमध्ये पाणी नीट गार होईना, माल वाकडा निघायला लागला. त्याच आठवड्यात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं स्वच्छ मराठी.

त्यानं टेबलावर एक कन्नड कागद ठेवला. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. कन्नड बोलतो फडाफड, पण कचेरीतलं कन्नड वाचायचं म्हणजे एकेक अक्षर जुळवत बसायचं. वरच्या ओळीत ‘अनिल’ एवढं लागलं. वाटलं, कुणातरी अनिलनं तक्रार केलीय. खाली गोल शिक्का. शिक्का बघितला की आपली निम्मी हिंमत तिथंच जाते.

“पाच टनांच्या वर गॅसगळतीची तपासणी सक्तीची झालीय साहेब. तुमचं मशीन दहा टनी. सर्टिफिकेट नसलं तर सील होईल. आणि आर-२२ तर बंदच झालाय.”

त्याच्याबरोबरच्या पोरानं गेज लावलं, एक सिलिंडर जोडला, अर्ध्या तासात काम उरकलं. तपासणीचे ८,५०० आणि २२ किलो गॅसचे १९,८००. मोबाईलवरून पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. मी ते वाचलं, तरी बटण दाबलं. दुपारची पाळी सुरू व्हायची होती, कोण वाद घालत बसणार!

बारा दिवसांत पाणी पुन्हा कोमट. त्या रात्री धाकटीनं तो कागद सरळ वाचून दाखवला आणि हसत सुटली. “पप्पा, अनिल म्हणजे गॅस. सोरिके म्हणजे गळती.” नोटीस कसली, ती जाहिरात होती! ‘आम्ही गॅसगळतीची तपासणी करून देतो’ एवढाच मजकूर, आणि शिक्का त्यांच्याच दुकानाचा.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या आमच्या जुन्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं आधी मशीनवरची प्लेट फडक्यानं पुसली. गॅस ९ किलो. “नऊ किलोच्या पोटात बावीस किलो कसा घातला वं?” आणि त्यांनी आणलेला, एकदा वापरून फेकायचा सिलिंडर मुळात १३.६ किलोचा असतो. मग नळीच्या जोडावरच्या एका नटाशी (फ्लेअर नट) बोट फिरवून दाखवलं. बोटाला तेल. गॅस सुटतो तिथं तेलही झिरपतं. साबणाचं पाणी सोडल्यावर बुडबुडे आलेच. त्यानं नट बदलला, नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहिलं, पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम केला, सिलिंडर काट्यावर ठेवून मोजून गॅस भरला. तो एकच वाक्य सारखं म्हणत होता: गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला म्हणजे गळलाय. गळती न शोधता जो नुसता भरतो, तो महिन्याभरात परत यायची सोय करून जातो.

नियमांचं म्हणाल तर, त्या माणसानं अगदीच खोटं सांगितलं नाही, म्हणून तर मी फसलो. पाच टनांचा नियम आहे, पण तो युरोपातला. तिथले टन म्हणजे यंत्रात भरलेला गॅस सुटला तर किती टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरेल त्याचा हिशेब. चिलरच्या दहा टनांशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय त्या नियमातल्या गॅसांच्या यादीत आर-२२ नाहीच, ओझोनला मारक म्हणून त्याचा तिथं वेगळा कायदा. आपल्याकडे ओझोनविषयीचे नियम २००० सालचे. त्यांनुसार १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ची नवी यंत्रं बनवायला बंदी आहे. जुनी चालवायला किंवा दुरुस्त करायला बंदी नाही. या अर्ध्या बातमीवरच त्याचा धंदा चालला होता.

पोलिसांत अर्ज दिलाय, धाकटीनंच कन्नडमध्ये लिहून दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा मच्छेहून एका मित्राचा फोन. “गॅसच्या कायद्याचं सांगत एक जण बसलाय समोर, काय करू?” म्हटलं, चहा पाज, आणि प्लेटवरचा आकडा मोठ्यानं वाचायला सांग. मी स्कूटर काढून पोचेपर्यंत अर्धा कप चहा टेबलावर तसाच होता.