यंत्रमागांच्या भिंतीला लागून एक भूकंपमापक

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरात, तळमजल्यावर जिन्याखालच्या कोपऱ्यात, फेब्रुवारी 2025 पासून एक घरगुती भूकंपमापक बसवलेला आहे. जमिनीची वर-खाली हालचाल टिपणारा एक जिओफोन, त्याचे संकेत सेकंदाला शंभर वेळा मोजणारे सर्किट आणि नोंदी साठवून इंटरनेटवर पाठवणारा छोटा संगणक, हे सारे तळहातावर मावेल अशा पारदर्शक डबीत आहे. आयातशुल्क धरून यंत्र मला पन्नास हजारांच्या आसपास पडले. जाहिरातीत घरबसल्या भूकंपांचा आणि ज्वालामुखीखालच्या शिलारसाच्या हालचालींचा अभ्यास करता येईल असे आश्वासन होते, आणि मी ते घेतले ते त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी. मी शाळेत भूगोल शिकवतो. किल्लारी आमच्यापासून हवाई अंतराने नव्वद किलोमीटरच्या आत आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी काय झाले ते आजच्या मुलांनी फक्त घरात ऐकलेले असते, तरी दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतेच, “सर, आपल्या खाली लाव्हा आहे का?”

उत्तर नाही असेच आहे. किल्लारीचा भूकंप जुन्या कवचातील भेगेवर साठलेला ताण मोकळा झाल्याने झाला, शिलारसाचा त्यात काही संबंध नव्हता. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि थिजला. तेव्हा अशा गावात बसून हे यंत्र शिलारसाविषयी काय शिकवणार, या शंकेनेच मी खोके उघडले होते.

बसवणी सोपी आहे. फरशीवर तीन स्क्रूंवर यंत्र टेकवायचे, बुडबुड्याकडे पाहून समतल करायचे, वीज आणि नेटची वायर जोडायची. गालिचा, लाकडी पाट किंवा कपाटाचा फळा यांवर ठेवू नये एवढी एकच सूचना कसोशीने पाळावी लागते. पहिल्या दिवशी पडद्यावर आलेली नोंद पाहून मात्र मला यंत्र बिघडलेलेच आले असे वाटले. आमची मागची भिंत शेजारच्या कारखान्याला लागून आहे आणि तेथे टॉवेलचे यंत्रमाग चालतात. सकाळी माग सुरू होताच शांत रेघ जाडजूड पट्ट्यात बदलली आणि ती रात्री कारखाना बंद होईपर्यंत तशीच राहिली. परत पाठवायची चौकशीही मी करून ठेवली होती.

यंत्रासोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट पाहण्याची सोय आहे, आणि माझ्या मते या उत्पादनातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. त्यात वेळ आडव्या अक्षावर, वारंवारता उभ्या अक्षावर आणि कंपाचा जोर रंगाने दाखवलेला असतो. तो उघडल्यावर मागांचा गोंधळ गोंधळ उरला नाही. साधारण 2 हर्ट्झवर एक ठळक आडवी रेघ होती, तिच्यावर 4, 6, 8 असा समान अंतरांच्या रेघांचा जिना. मागाची फणी मिनिटाला सुमारे एकशेवीस ठोके मारते, म्हणजे सेकंदाला दोन. खालची रेघ त्या ठोक्यांची आणि वरच्या तिच्या पटींच्या. सकाळी माग वेग घेत असताना या सगळ्या रेघा एकत्र वर सरकतात, बंद होताना खाली घसरतात.

ज्वालामुखींच्या नोंदींत ज्याला हार्मोनिक ट्रेमर म्हणतात तो नेमका असाच दिसतो. अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीच्या मार्च 2009 च्या उद्रेकात काही स्फोटांपूर्वी असाच जिना उमटला होता. तेथे अगदी लहान, एकसारखे भूकंप एकामागून एक इतक्या वेगाने होऊ लागले की ते वेगळे ओळखू येईनात, त्यांचा एकच चढता सूर झाला आणि तो सेकंदाला तीसच्या आसपास पोहोचला. मग काही क्षण सगळे शांत झाले आणि स्फोट झाला. सुटे ठोके पुरेशा वेगाने आणि नियमाने पडले की त्यांचा सूर होतो, ही गोष्ट मी यापूर्वी केवळ वाचली होती. ती समजली मात्र धोट्याच्या आवाजात.

अर्थात प्रत्येक ट्रेमर ठोक्यांचा बनलेला नसतो. ज्वालामुखीखाली खडक तडकतो तेव्हा होणारे भूकंप किल्लारी-कोयनेसारखेच असतात. त्यांत प्राथमिक आणि दुय्यम लहरी स्वच्छ वेगळ्या दिसतात. दुसऱ्या प्रकारात भेगेत भरलेला वायू, वाफ किंवा शिलारस दाबातील बदलाने हिंदकळतो आणि ती भेगच वाद्यासारखी घुमते. हे कंप साधारण अर्धा ते पाच हर्ट्झचे असतात, त्यांची सुरुवात अस्पष्ट असते आणि शेपूट लांब. वर्गात मी यासाठी नळाचे उदाहरण देतो. चार-पाच दिवसांनी पाणी सुटते तेव्हा पाण्याच्या आधी हवा येते, पाइप घरघरतो आणि भिंत थरथरते, पण पाइप फुटलेला नसतो. सोलापूरच्या मुलांना याहून जास्त समजावावे लागत नाही. (त्या दिवशी गल्लीतील सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि वर्णपटाच्या अगदी वरच्या कडेला एक वेगळीच रेघ येते. आमच्या भागात पाणी किती वाजता आले याची नोंद आता माझ्याकडे चोख आहे.)

यंत्राला मी इन्व्हर्टर जोडला तो नोंद खंडित होऊ नये म्हणून, परंतु त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. लाइट गेली की कारखान्यातील माग थांबतात, मोटारी थांबतात आणि यंत्र मात्र चालू राहते, त्यामुळे वीज नसतानाचीच नोंद सर्वांत स्वच्छ मिळते. 28 मार्च 2025 रोजी म्यानमारचा 7.7 तीव्रतेचा भूकंप आपल्या घड्याळाने 11 वाजून 50 मिनिटांनी झाला आणि त्याची पहिली लहर सुमारे साडेचार मिनिटांत येथे पोहोचली. दुर्दैवाने तेव्हा लाइट होती. कच्च्या नोंदीत मागांशिवाय काहीच दिसेना. मागांच्या पट्ट्या वगळणारा फिल्टर लावल्यावर ती लहर वर आली. शेजारचे कारखानदार तेव्हापासून मला भेटले की म्हणतात, “सर, आमचा माग बंद पडला तर आम्हांआधी तुमच्या मशीनला कळतंय म्हणे!” ते अगदी खोटेही नाही.

आता उणिवा. जाहिरात जे सांगत नाही ते असे की एका यंत्रावरून भूकंपाची जागा ठरवता येत नाही, आणि शिलारस कोठे चालला आहे हे तर कळते केवळ भूकंपांच्या जागा वेळेनुसार कशा सरकतात यावरून. आइसलँडमधील बार्डारबुंगा येथे ऑगस्ट 2014 मध्ये भूकंपांची रांग ज्वालामुखीपासून निघून सुमारे दोन आठवड्यांत चाळीसहून अधिक किलोमीटर सरकत गेली. जमिनीखाली शिलारस खडक फोडत वाट काढत होता, त्याच्या टोकाशी खडक तडकत होते, आणि महिनाअखेरीस होलुह्राउन येथे लाव्हा बाहेर पडला. नोव्हेंबर 2023 मध्ये आइसलँडमधीलच ग्रिंदाविक हे गाव एका रात्रीत रिकामे करण्यात आले, तेही भूकंपांसोबत जमिनीचे खचणे आणि ताणणे पाहून. उद्रेक 18 डिसेंबरला झाला. असे चित्र दाट जाळ्याशिवाय उभे राहत नाही. या यंत्राचे ग्राहक जगभर आहेत आणि त्यांच्या नोंदी कंपनीच्या नकाशावर खुल्या आहेत. त्यामुळे शिलारसाचा अभ्यास करायचाच असेल तर तो दूरच्या ज्वालामुखी प्रदेशातील लोकांची यंत्रे उघडून करावा लागतो, स्वतःचे यंत्र त्यासाठी लागतच नाही. हे मला पैसे भरल्यावर उमगले.

दुसरी उणीव तांत्रिक आहे. जिओफोन मुळात 4.5 हर्ट्झच्या वरचे कंप नीट टिपणारा असून सर्किटने त्याची पोच अर्ध्या हर्ट्झपर्यंत ओढली आहे, पण त्याखाली तो जवळजवळ बहिरा आहे. शिलारसाचे मोठे लोंढे सरकताना दहा-वीस सेकंदांच्या संथ लाटा उठतात, त्या याच्या आवाक्यात नाहीत. जमीन फुगणे आणि कलणे तर नाहीच. आणि भूकंपांनीच सगळे कळते असेही नाही. 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखी येथे वाढत्या भूकंपांच्या जोडीला सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण मे महिन्यातील दोन आठवड्यांत दिवसाला 500 टनांवरून 5,000 टनांवर गेलेले दिसले होते, आणि 15 जूनच्या महास्फोटापूर्वी हजारो लोकांना हलवता आले. याउलट कोलंबियातील गालेरास येथे 14 जानेवारी 1993 रोजी, ज्वालामुखी शांत भासत असताना, विवरात उतरलेले शास्त्रज्ञ आणि पर्यटक मिळून नऊ जण मरण पावले. त्याआधी तेथे स्क्रूच्या आट्यांसारखे हळूहळू निमुळते होत जाणारे मोजके कंप नोंदले गेले होते. त्यांचा अर्थ सर्वांच्या नीट ध्यानात आला तो नंतरच्या उद्रेकांपूर्वी तेच पुन्हा दिसल्यावर. सोबतच्या माहितीपुस्तिकेत अशा कशाचाही उल्लेख नाही. ती वायर कोठे खुपसावी येथेच संपते.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल थोडक्यात लिहितो. सातव्या महिन्यात मेमरी कार्ड खराब झाले, तक्रारीला अकराव्या दिवशी उत्तर आले, आणि ते उत्तरही मी आधीच करून पाहिलेल्या उपायांचे होते. शेवटी नवे कार्ड येथेच विकत घेऊन एका माजी विद्यार्थ्याने त्यावर सॉफ्टवेअर चढवून दिले. त्यानंतर कुरबूर नाही.

ज्यांना किल्लारी-कोयनेच्या बाजूचे लहान धक्के टिपायचे आहेत त्यांनी हे यंत्र गावाबाहेर, खडकावर बांधलेल्या खोलीत ठेवावे. तेथे ते किमतीला जागेल. केवळ ज्वालामुखींसाठी घेणाऱ्यांनी आधी महिनाभर खुल्या नोंदी पाहाव्यात आणि मग ठरवावे. शाळेसाठी मात्र मी ते घ्या असेच सांगेन, आणि शक्य असेल तर कारखान्याजवळच्या खोलीत बसवा असेही. आमच्या शाळेसाठी दुसरे यंत्र मागवले आहे. प्रयोगशाळेच्या मागे गिरणी आहे, तिची रेघ किती हर्ट्झवर येईल यावर नववीच्या मुलांच्या पैजा लागल्या आहेत.