खानापूरचं मुलांचं विज्ञान म्युझियम: बरेच महिने जाऊन-येऊन झाल्यावर

आधी बोर्डांबद्दल लिहिते, कारण माझी खरी चिडचिड तिथंच आहे. प्रत्येक मॉडेलखाली कन्नड आणि मराठी असे दोन बोर्ड लावलेत, हे आमच्या बेळगाव सीमाभागात सोपं काम नाही, मान्य. पण मराठी वाचायला घेतलं की 'प्रस्तुत प्रतिकृतीद्वारे असे निदर्शनास येते' वगैरे, आता चौथीतलं पोर हे वाचणार कधी नि मॉडेलला हात लावणार कधी? शेजारणीला विचारलं तर म्हणाली कन्नडचंही तसलंच आहे, म्हणजे निदान भेदभाव तरी नाही.

तरी आम्ही परत परत जातो ते तिथल्या अक्कांसाठी, म्हणजे पोरांकडनं प्रयोग करून घेणाऱ्या ताईंसाठी. माझा मुलगा कन्नड मीडियमला, नणंदेची मुलगी मराठी शाळेत, आणि अक्का मुद्दाम अशी दोन शाळांची पोरं एका टेबलाला बसवतात. आधी हातानं करायचं, मग घरी बोलतो तसं सांगायचं, शाळेतलं सगळ्यात शेवटी.

वाळूचा सह्याद्री केलाय तो तर बघाच. कणकुंबीच्या वरच्या अंगाला मगानं पाणी ओतलं की थोडं पूर्वेला मलप्रभेच्या खोबणीतनं पळतं, म्हणजे पुढं कृष्णा आणि बंगालचा उपसागर, आणि थोडं पलीकडं म्हादईत उतरून गोव्याकडं, जिथं तिची मांडवी होते. "का असं होऊलालंय, सांग बघू?" अक्कांनी विचारलं. हा म्हणे इकडं उतार आहे, ती म्हणे तिकडं पण आहे की, दोघांची जुंपली. अक्कांनी काही न सांगता दोघांची बोटं धरून डोंगराच्या माथ्यावरनं फिरवली, शेवटी मुलीनं पाण्याचा मग हिसकावून एकदा माथ्याच्या अलीकडं, एकदा पलीकडं ओतून बघितलं आणि भांडण मिटलं. घरी त्यानं हेच आजीला मराठीत सांगितलं, आजी कणकुंबीच्या माउली देवीला कित्येकदा जाऊन आलेली, तिनं उलट त्यालाच चार प्रश्न विचारले. नंतर शाळेत नद्यांवर कन्नडमध्ये लिहायला आलं तर बाई म्हणाल्या, ह्यानं पाठ केलेलं वाटत नाही.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, पण मस्त झाला. आपल्याकडं तो मेच्या सुरुवातीला येतो आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पण ऑगस्टात आपल्याकडं सूर्य दिसला तर शपथ. मेमध्ये अंगणात स्टीलचे पेले उलटे ठेवले होते, दुपारी साडेबाराच्या आसपास सावल्या पार बुडाखाली गेल्या. दिल्लीत हे कधीच होत नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधी बरोबर डोक्यावर येत नाही आणि दिल्ली त्याच्या उत्तरेला, हे ऐकून पोरांना भलताच आनंद झाला.

बाकी रड आहेच. मराठी ऑडिओचे हेडफोन दिवाळीपासनं बंद, काउंटरवर सांगितलं की "साहेबांना सांगतो". रॉटनचं वटवाघूळ, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, त्यातलं एक म्हणजे भीमगडच्या जंगलातली बारापेडे गुहा, म्हणजे आपलाच तालुका, आणि इथं त्याचा नुसता एक फोटो! आणि ज्यांच्यासाठी हे काढलंय ती जांबोटी, कणकुंबीकडची पोरं शाळेची सहल आली तरच दिसतात, बस धरून यायचं नि परत जायचं म्हणजे आईबापाचा एक दिवसाचा रोज बुडाला.

जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, अक्का नसतात आणि मग उरतात नुसते बोर्ड.