तळजाई, वेताळ, बनेश्वर की सिंहगड? साठीनंतरच्या पायांसाठी पुण्याजवळच्या वाटा

निवृत्त झालेल्या माणसाला पुण्यात सगळेच सांगतात, "टेकडीला जात जा." कोणत्या टेकडीला आणि कोणत्या बाजूने, हे विचारलं की उत्तरं एकदम विरळ होतात. बहुतेक जण अंतर सांगतात आणि अंतराचा इथे फारसा उपयोग नाही. कमला नेहरू पार्कला रोज फेऱ्या मारणाऱ्या काकू सपाटीवर तासभर चालतील, पण सुट्या मुरमाच्या उतारावर पन्नास पावलांत त्यांचा धीर सुटेल. चढताना दम लागतो. उतरताना गुडघा बोलतो आणि पाय घसरतो तोही उतरतानाच. म्हणून वाट निवडताना मी आधी उतार बघतो, मग एक साधी गोष्ट: कंटाळा आला, चक्कर आल्यासारखं वाटलं, तर तिथूनच मागे फिरता येतं का?

या दोन्ही कसोट्यांवर तळजाई सरळ पुढे जाते. सहकारनगरच्या बाजूने गाडी किंवा रिक्षा थेट वर पोचते, त्यामुळे चढ जवळपास संपूनच चालणं सुरू होतं. वनविभागाच्या फाटकातून आत गेलं की रुंद मातीच्या वाटा, दोघा-तिघांना शेजारी शेजारी गप्पा मारत जाता येईल अशा. वाटांना वाटा फुटतात. दहा मिनिटांची फेरी करायची की तासाभराची, हे चालता चालता ठरवता येतं. सकाळी मोरांची ओरड ऐकू येते, कधी मोर दिसतोही. बाहेर ताज्या भाज्या आणि रस विकणारे बसतात, त्यामुळे फिरून येताना मेथीची जुडी हातात असते. ओळखीचे चेहरे रोज भेटतात हा मला या जागेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. एकटं फिरणारं माणूस दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी करणारं कुणीतरी असतं. शांतता हवी असेल तर मात्र रविवार सकाळ टाळा. तेव्हा तिथे जत्रा असते.

वेताळ टेकडी जास्त देखणी आहे, यात वाद नाही. शहरातला सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर, वर पठार, खाणीतलं पाणी, गवत, पक्षी आणि खाली दोन्हीकडे पसरलेलं पुणे. पण ही टेकडी एक नसून चार आहेत, असं धरून चला. लॉ कॉलेज रस्त्याकडून किंवा केळेवाडीकडून चढाल तर पाऊलवाट उभी आहे, मुरूम सुटा आहे, आणि त्याच वाटेने उतरणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने गाडीतून वर गेलात तर पठार हाताशी येतं आणि चालणं बरंचसं सपाट होतं. "वेताळ टेकडी जमेल का?" असं कुणी विचारलं तर म्हणूनच आधी विचारायचं, "कुठून चढणार?" सत्तरीच्या पुढे, गुडघ्याची तक्रार असेल तर डांबरी रस्त्याची बाजू, दुसरी नको. खाणीच्या कडेला उगाच जवळ जाऊ नका. पाणी बरोबर हवंच. पठारावर वाटा एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा जाताना माहितगार सोबत असलेला बरा.

दोन्ही टेकड्यांवर सावलीचं एक गणित आहे, ते नवख्यांच्या लक्षात येत नाही. वनीकरणात तिथे गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते फिकट गुलाबी फुलतं, सुंदर दिसतं, पण त्याच सुमारास पानं गाळतं. ऊन तापायला लागतं आणि झाडं नेमकी उघडी पडतात. होळीनंतर साडेसातच्या आत परत फिरायचं ठरवलेलं बरं. पावसाळ्यात वेगळी अडचण: तळजाईची लाल माती चिकट होते, वेताळच्या खडकांवर शेवाळ येतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी कुणालाही वेताळची पाऊलवाट सुचवणार नाही, कितीही हिरवी दिसली तरी.

रोजचं फिरणं बाजूला ठेवून महिन्यातून एखादा दिवस शहराबाहेर जायचं असेल, तर प्रश्न बनेश्वर की सिंहगड असा येतो, आणि इथे घरोघरी मुलं सिंहगडाच्या बाजूने उभी राहतात. मी बनेश्वरच्या बाजूने आहे.

सातारा रस्त्याने खेड शिवापूर ओलांडून नसरापूरला वळायचं. पुण्यापासून पस्तीसेक किलोमीटर. गाडी नसेल तर स्वारगेटहून भोरकडे जाणाऱ्या एसटीने चेलाडी फाट्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेलं शंकराचं देऊळ, कुंडात मासे आणि कासवं, आणि भोवती खरीखुरी गर्द झाडी. देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर क्रूस आणि 1683 साल कोरलेलं आहे. इतिहासाची आवड असलेले आजोबा त्या घंटेपाशीच अर्धा तास काढतात, हे गृहीत धरून वेळ ठेवा. चालणं फार नाही. झाडीतून नदीपर्यंत जायचं, बसायचं, परत यायचं. पण ते सगळं सावलीत आहे, आणि ज्यांना थोडंच चालवतं त्यांना ‘तू इथे बस, आम्ही येतो’ असं एकटं बसावं लागत नाही. पावसात नदीकाठचे दगड निसरडे असतात, तिथे उतरू नये. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला गर्दी असते.

सिंहगडाला गाडी वर जाते म्हणून तो सोपा समजला जातो. वाहनतळापासून पुणे दरवाज्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत, उंची सारखी नसलेल्या, आणि आत गेल्यावर देवटाक्यापर्यंत, तानाजी कड्यापर्यंत चढउतार सुरूच राहतो. परतीला त्याच पायऱ्या उतरायच्या. शनिवार-रविवार घाटात गाड्यांची रांग लागली की गाडीत बसूनच पाय आखडतात. दुसरी बाजूही खरी आहे: सुमारे 1300 मीटर उंचीवरचा वारा, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यांना बनेश्वरकडे उत्तर नाही. तेव्हा पाय मजबूत असतील तर मंगळवार-बुधवार गाठा, सकाळी लवकर निघा, पुणे दरवाज्यापर्यंत जाऊन थोडं हिंडा आणि कल्याण दरवाज्याचा हट्ट सोडा. पायथ्याच्या आतकरवाडीहून पायी चढणारे सत्तरीचे लोकही आहेत. ते वर्षानुवर्षं चढत आलेले आहेत, त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा तो बेत करू नये.

पर्वतीबद्दल विचाराल तर पायऱ्या 103, रुंद आणि ठेंगण्या. दर थोड्या पायऱ्यांवर थांबता येतं. व्यायाम म्हणून उत्तम, पण रानात गेल्याचं समाधान तिथे नाही. पाषाण तलाव पक्षी बघणाऱ्यांसाठी. बांधावरची वाट सपाट आहे. पाण्यावर जलपर्णी आणि नाकाला वास, हे चालणार असेल तर हिवाळ्यात जरूर जा.

पहिल्यांदाच सुरुवात करणार असाल, किंवा आईबाबांना घेऊन जाणार असाल, तर तळजाईपासून करा, महिनाभर. नंतर एका कोरड्या सकाळी डांबरी रस्त्याने वेताळच्या पठारावर. काठी न्यायला लाजू नका. पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. रक्तदाब किंवा साखरेची गोळी घेऊन निघणाऱ्यांनी खिशात खडीसाखर आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी ठेवावी. मोबाइल गाडीत ठेवून जाण्याची सवय मात्र टेकडीवर सोडायलाच हवी.