जुळे सोलापूर की जुने सोलापूर: आठ महिने फोनशी बोलून पाहिलं

गणपतीच्या आधल्या आठवड्यात तीनशे कडक भाकऱ्यांची ऑर्डर आली आणि त्याच दिवशी फोनच्या काचेवर पिठाचा असा थर बसला की अंगठा लावून लावून दमले तरी फोन उघडेना. थोरली म्हणाली, "आई, हात कशाला लावतीस, बोलून सांग की त्याला." तिथून हे सुरू झालं. आता वैशाख लागलाय. आठ महिने घरातल्या तीन फोनांवरच्या तीन बोलक्या मदतनिसांशी (व्हॉइस असिस्टंटशी) रोज डोकं लावलं, त्यातून जे हाती आलं ते लिहिते.

आधी माझं काम सांगते. घर सोलापुरात, बाळीवेशीजवळ. पहाटे पाचपासून अकरापर्यंत माझे हात एकतर पिठात नाहीतर उखळात. ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बारमाही, संक्रांतीच्या आसपास शेंगा पोळ्या. गिऱ्हाइकं निम्मी गावातली, निम्मी पुण्यात नोकरीला गेलेली सोलापूरकर मंडळी. त्यांचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातं. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर. त्यामुळे मला फोनकडून विनोद नको, कविता नको, हवामान तर नकोच (सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवामान विचारायचं काय असतं?). गजर लाव, निरोप पाठव, अमक्याला फोन लाव, हिशेब लिहून ठेव, एवढंच.

या फोनांना मराठी तशी उशिराच आली. ॲपलची सिरी २०११ च्या ऑक्टोबरात आयफोन ४एसबरोबर आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. गूगलने बोलून टाइप करण्याची सोय मराठीला दिली ऑगस्ट २०१७ मध्ये, त्यांचा असिस्टंट मराठी शिकला २०१८ मध्ये, ॲमेझॉनच्या अलेक्साला २०१९ मध्ये हिंदी यायला लागलं, आणि गूगलच्याच जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात आलं तेच मराठीसकट नऊ भारतीय भाषा घेऊन. म्हणजे बोलून लिहायची सोय माझ्या हातातल्या फोनात वर्षानुवर्षं पडून होती आणि मी आपली इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकत बसले होते.

पुढचे अनुभव कंपनीच्या नावाने सांगत नाही. दर महिन्याला काहीतरी अपडेट येतं आणि आजची खोड उद्या जाते. घरात आम्ही तिघांना नावं ठेवलीत तीच वापरते. माझ्या फोनवरचा 'कारकून', ह्यांच्या फोनवरचा 'गप्पिष्ट' आणि नणंदबाईंच्या फोनवरची 'पाहुणी'. चौथा एक आहे, त्याला नाव नाही. कीबोर्डवरचा तो छोटा माईक. त्याच्याकडे नंतर येते.

कारकुनाला सांगितलेलं तेवढंच कळतं, पण ते झटपट करतो. "बारा मिनिटांचा टायमर लाव" म्हटलं की शेंगदाणे कढईत पडायच्या आत लागलेला असतो. त्याची गाडी अडते आपल्या आकड्यांवर. आपली मराठी सव्वा, दीड, पावणेदोन, अडीचवर चालते. पाण्याच्या पाळीच्या दिवशी "पावणेपाचला उठव" म्हणाले, तर याने 'पावणे' गिळलं आणि पाचचा गजर लावला. मी न बघता झोपले. पंधरा मिनिटं म्हणजे आमच्याकडे एक बॅरल. त्या दिवसापासून मी "चार वाजून पंचेचाळीस मिनिटे" म्हणते, रेल्वेच्या घोषणेसारखं. "सव्वाशे"चंही तेच, 'सव्वा से' असं हिंदीत लिहून मोकळा. मग उत्तरही हिंदीत. मराठी आणि हिंदीत निम्मे शब्द सारखे, त्यामुळे वाक्य छोटं असलं की त्याचा तोल हिंदीकडे जातो. वाक्यात एखादं 'आहे', 'पाहिजे' घातलं की मराठीवर येतो, हे महिनाभराने ध्यानात आलं.

पाहुणीचं मराठी कच्चं, त्यामुळे तिच्याशी नणंदबाई इंग्रजी-हिंदीत बोलतात आणि ती गोड आवाजात चुका करते. आवाज मात्र तिघांत तिचाच ऐकावासा. शिवाय तिचे कान फार तिखट. टीव्हीवरच्या जाहिरातीत तिच्या नावासारखं काही आलं की आतल्या खोलीतून "हां, बताइए" करून उठते. थोरलीने समजावलं की फोन सगळं बोलणं कुठे पाठवत बसत नाही, त्यातला एक छोटा भाग फक्त तो हाक मारायचा शब्द ऐकत असतो, आणि तो शब्द ऐकू आला असं वाटलं की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. 'वाटलं की' यातच मेख आहे. २०१९ मध्ये गूगल, ॲपल, ॲमेझॉन या तिन्ही कंपन्यांच्या बाबतीत अशी काही रेकॉर्डिंगं माणसं बसून ऐकतात हे बातम्यांत आलं होतं आणि त्यानंतर सेटिंगमध्ये बदल झाले. आमच्याकडे काय ऐकणार म्हणा, चटणीचा दणका. तरी मी हाक मारून उठवायची सोय तिन्ही फोनांवर बंद केली आणि बटण दाबूनच बोलवते. पिठाच्या हाताने बटण दाबता येतं, कोपराने सुद्धा.

आवाजाचा प्रश्न हवामानाप्रमाणे बदलतो. थंडीत घरात शांतता, तेव्हा सगळे शहाणे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत बाहेरून हलग्या आणि भोंगे, तेव्हा तिघेही बहिरे. आणि आता उन्हाळ्यात कूलर. कूलरची घरघर न थांबणारी, त्यामुळे आपण बोलायचं संपवलंय हेच त्यांना कळत नाही; ऐकतच राहतात. भाकरी थापायच्या आवाजाचा मात्र काही त्रास नाही, ही मजा आहे. थाप पडते आणि संपते.

गप्पिष्ट वेगळ्या जातीचा. नव्या पद्धतीचा, मोठमोठी वाक्यं समजणारा. त्याला "परवा तीस भाकऱ्या पाठवायच्यात" म्हटलं तर त्याने विचारलं, येणारा परवा की गेलेला? मला कौतुक वाटलं, कारण मराठीत परवा दोन्हीकडे जातो हे आमच्या पुण्याच्या जावयालाही समजावून सांगावं लागतं. त्याच्यासमोर मी तीन मिनिटं अखंड बडबडले, कोणाचे किती, कोणाचे पैसे यायचे, कोणाला लसूण नको, आणि त्याने नीट यादी करून दिली. एका गिऱ्हाइकाकडे दोन महिन्यांचे पैसे अडकले होते, तिला राग येणार नाही असा मेसेज त्याच्याकडून लिहून घेतला. तिसऱ्या दिवशी पैसे आले. गावाच्या पूर्व भागात माझी एक तेलुगू गिऱ्हाईक आहे, तिच्या सासूसाठी त्याच्याकडून तेलुगूत निरोप बोलवून घेतला. ती हसत म्हणाली, "ताई, समजलं सगळं, पण आमच्या घरी असं तेलुगू कोणी बोलत नाही ओ."

त्याची खोड अशी की त्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. पुण्याला पार्सल हाताने पाठवायचं होतं म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसचं विचारलं, तर म्हणाला ती मुंबईला जाते. ठासून. हुतात्मा पुण्याला जाते आणि मुंबईला सिद्धेश्वर, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत. मला माहीत होतं म्हणून निभावलं. जिथलं मला माहीत नाही तिथं तो काय काय सांगून गेला असेल कोणास ठाऊक. म्हणून गाडी, भाव, दवाखान्याची वेळ, औषध या गोष्टी मी त्याला विचारत नाही. त्या साध्या व्हॉइस सर्चने शोधते. तिथे फोन माझे शब्द लिहून फक्त शोधतो आणि पानं समोर ठेवतो. कुठलं पान, कोणाचं, कधीचं, हे मी बघू शकते. बोलून मिळालेल्या उत्तराला चष्मा लावून बघता येत नाही.

आता तो चौथा, कीबोर्डवरचा माईक. याच्यापायी माझी एक फजिती झाली आणि तरी आज सगळ्यात जास्त तोच वापरते. दिवाळीच्या गर्दीत रिक्षावाल्या दादांना बोलून मेसेज टाकला, "पार्सल जुळे सोलापूरला द्या." (जुळे सोलापूर म्हणजे आमच्या शहराचा नवा भाग.) बोलून झाल्याबरोबर बोटाने पाठवून दिला. वीस मिनिटांनी त्यांचा फोन. "ताई, जुनं सोलापूर म्हणजे नेमकं कुठं ओ? मी किल्ल्यापाशी उभारलोय." माईकने 'जुळे'चं 'जुने' केलं होतं. त्याचा तरी काय दोष, 'जुने' हा शब्द त्याने लाख वेळा ऐकला असेल. शहराच्या नावाआधी 'जुळे' फक्त आपणच लावतो. सैफुलचं 'सहा फूल', होटगी रोडचं 'हॉट की रोड' झालेलं मी पाहिलंय. कन्ना चौक पहिल्यांदा 'खन्ना चौक' झाला. सात रस्ता '७ रस्ता' असा आकड्यात येतो, तो तेवढा चालतो.

पण माईकचं एक आहे. चूक झाली तर ती डोळ्यांसमोर असते आणि पाठवायचं बटण माझ्या हातात. कारकून परस्पर गजर लावतो, गप्पिष्ट परस्पर उत्तर देतो. माईक लिहून दाखवतो आणि थांबतो. त्या फजितीनंतर मी पाठवण्याआधी वाचते, चुकलेला शब्द दाबून नीट करते, आणि नेहमीच्या दहाबारा पत्त्यांचे शॉर्टकट कीबोर्डच्या शब्दकोशात घालून ठेवलेत. फोन लावायचं काम मात्र कारकुनाचंच. त्यासाठी सगळी नावं पुन्हा देवनागरीत साठवावी लागली. आधी इंग्रजी अक्षरांत होती तेव्हा "काकूंना फोन लाव" म्हटलं की तो भलत्याच माणसाला उठवायचा.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच तुलनेत वाचायला मिळाली नव्हती. तिघांनाही आमची सोलापुरी कळत नाही. "मी येऊलालो" हे इथं रोज शंभर वेळा कानावर पडतं. फोन लिहितो 'येऊ लाल हो'. 'करुलालंय', 'जाऊलालीस' यांची तर दैनाच. मग आपण हळूहळू त्याच्या सोयीचं बोलायला लागतो. 'करत आहे', 'येत आहे', शब्द तोडून, स्वच्छ. मला ते कळलंच नाही कधी सुरू झालं ते. फेब्रुवारीत एकदा ह्यांना म्हणाले, "भाकऱ्या वाळत आहेत, पंखा लावू नका." हे पेपर खाली ठेवून बघायला लागले. "काय गं, बातम्या देऊलालीस का?"

सासूबाईंनी असला बदल करायला साफ नकार दिला. त्या निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलतात, एकाच वाक्यात. नळाला पाणी आलं की "नीरु बंतु, बॅरल लाव बे" अशी हाक घरभर. कारकुनाने त्यातून 'नीर बंटू' नावाचा कोणीतरी शोधायला घेतला. थोरली त्यांना समजावत होती, "अव्वा, एकच भाषा बोल, हळू बोल." त्या म्हणाल्या, "माझ्या घरात मी पुस्तकागत बोलू का? त्याला गरज असंल तर शिकंल."

गंमत अशी की फोनचा सगळ्यात चांगला उपयोग शेवटी त्यांनाच झाला. त्यांना वाचता येतं ते फक्त मोठ्या अक्षरांतलं, आणि टाइप करणं तर दूरच. थोरलीने व्हिडिओच्या ॲपमध्ये माईकची भाषा कन्नड करून दिली. त्या बसवण्णांच्या वचनाची पहिली ओळ म्हणतात, अर्धी सुरात, अर्धी बोलून, आणि फोन बरोबर तेच वचन काढून देतो. आठ महिन्यांत क्वचितच चुकलाय. पुस्तकी कन्नड आहे ना ते, त्याला सोपं जात असणार. त्यात परवा एका बाईंच्या आवाजातलं सापडलं, ते त्यांना इतकं आवडलं की रोज दिवेलागणीला तेच.

ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी सध्याची मांडणी सांगते: गजर, टायमर आणि फोन लावायला कारकून, यादी आणि अवघड मेसेजला गप्पिष्ट, खरंखोटं बघायचं तिथे व्हॉइस सर्च, आणि ऑर्डरीची उत्तरं माईकने. पाहुणी नणंदबाईंकडेच बरी. नेट गेलं की यातलं बहुतेक सगळं मुकं होतं, म्हणून भिंतीवरची वही मी काढलेली नाही.

आणि गिऱ्हाइकांनो, संध्याकाळी सात ते आठ ऑर्डर टाकू नका. टाकलीत तर उत्तराची वाट बघा. तेव्हा फोन अव्वांकडे असतो.