भाजीपावाला पैकीच्या पैकी, बाकांना नापास

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातलं हॉटेल, पाटीचा रंग कधीच उडालाय. मागवायचं ते मिक्सच: पातळ भाजीवर बटाट्याची सुकी भाजी, सोबत पाव नाहीतर उंडे, म्हणजे कडक सालीचे गोल पाव. उंडे सकाळी लवकर गेलात तर कुरकुरीत, नंतर चामट. अळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीची वाटप घातलेली रस्साभाजी, असेल त्या दिवशी दुसरं काही बघूच नका. खोबरं खरपूस भाजून वाटलेलं असतं. बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या) तेलकट. चहा गोडमिट्ट.

मी बारावीत आहे. मला मुलगे आवडतात हे मित्रांना इथेच सांगितलं, मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. आतल्या मिक्सरची घरघर एवढी, की शेजारच्या टेबलावर काही ऐकू जात नाही. फोंड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा ही सोय लहान नव्हे. एकजण पाव भाजीत बुडवून तसाच बसला, निम्मा आत गळून पडला. दुसऱ्याने विचारलं, "मग लग्न?" म्हटलं, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सोडवलं, 2023 मध्ये लग्नाला मान्यता नाकारली, आणि मला आधी बारावी पास व्हायचंय. तिसरा म्हणाला, "म्हणून तू तिला भाव देत नव्हतास होय! मग मी विचारू का तिला?" विचार की बाबा. पुढे विषय मिरचीभज्यांवरच गेला.

घरी अजून बोललेलो नाही. आईशी तर इतक्यात नाहीच.

बाकं अरुंद, चौघे बसलो की एकाची मांडी बाहेर लटकते. गल्ल्यावरचे काका मात्र कितीही वेळ बसलात तरी उठवत नाहीत. यूपीआय चालत नाही, सुटे घेऊन जा.