कविता लिहिली, आता कुठं टाकू?

आमच्या गुळाच्या अडत दुकानात हिशेबाला नवीन आलेल्या पोरानं गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत फोन पुढं केला. "मॅडम, ह्या माझ्या कविता. वाचा की जरा." फोनमध्ये 37 कविता होत्या, एकालाही न दाखवलेल्या. पाच वाचल्या. त्यातली एक गुऱ्हाळावरची होती, चुलवाणाला जाळ घालत रात्र काढणाऱ्या बापाची. ती मी दोनदा वाचली. मग त्यानं खरा प्रश्न विचारला, "ह्या टाकू कुठं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, इन्स्टावर, का तुमच्या त्या सहा जणांत?"

सहा जण म्हणजे एकमेकांच्या कविता ऐकायला फोनवर जमणारं आमचं छोटं कोंडाळं. त्याला घाईत उत्तर दिलं नाही. सहा वर्षं मी तिन्ही ठिकाणी कविता टाकतेय आणि तिन्हीकडून मिळणारी गोष्ट वेगळी आहे. फरक सांगायचा तर एकच कविता तिन्हीकडं टाकल्यावर काय झालं ते सांगणं सोपं.

2019 च्या ऑगस्टात आमच्या कोल्हापूरची पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. तिथं 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका धरतात, त्यावरून अंदाज करा. शाहूपुरीत कुंभार गल्लीत माझं माहेर. पाणी ओसरलं, गाळ काढला, रंग दिला, तरी ओल वर आली की भिंतीवर रेघ दिसतेच. त्यावर मी लिहिलं होतं:

भिंतीवरती रेघ अजूनी
पाणी जिथवर चढले होते
आई पुसते रोज तरीही
मनातली पण जखम मिटत नाही

मोठा ग्रुप

ही कविता मी आधी टाकली ती व्हॉट्सअ‍ॅपच्या एका मोठ्या काव्य ग्रुपवर. अशा ग्रुपात 1024 जण मावतात. आमच्यात चारशेच्या आसपास होते. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, निपाणी, पार मुंबई-पुण्याला गेलेले कोल्हापूरकरसुद्धा. रात्री साडेआठला टाकली, दहापर्यंत चाळीसेक उत्तरं. "अप्रतिम", "व्वा ताई", "काळजाला भिडलं", टाळ्यांचे हात. आणि त्यात शिरोळकडच्या एका ताईंचं एकच वाक्य: "आमच्या भिंतीवर पण हाय." ते वाक्य मी आजही जपून ठेवलंय. माझ्या घरातली रेघ आणखी कुणाच्या तरी घरात आहे, हे मला त्या रात्री कळलं.

मोठ्या ग्रुपचं बळ हेच आहे, सोबत. आयुष्यात कधी माईक हातात न घेतलेल्या बायका तिथं रोज चार ओळी लिहितात. बहुतेक ग्रुपांत आठवड्याचे वार ठरलेले असतात: सोमवारी शब्द देतात, बुधवारी चित्र, शनिवारी चारोळी किंवा अभंग. लिहायची सवय लागायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. महिनाभर रोज शब्द घेऊन लिहिलं की हात मोकळा होतो. पोरांनी शाळेच्या निबंधानंतर मराठी लिहिणंच सोडलेलं असतं, त्यांना तर याची फार गरज आहे.

पण कविता तिथं टिकत नाही. सकाळी उठेपर्यंत ती शुभ सकाळच्या फुलांखाली गेलेली असते, आणि 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, तर तासाभरातच. पाठवल्यावर चूक दुरुस्त करायला 15 मिनिटं मिळतात, पुढं नाही. दुसरं म्हणजे तिथं कुणी चूक दाखवत नाही. दाखवायची इच्छा नसते असं नव्हे. चारशे माणसांसमोर कुणाची मात्रा, म्हणजे ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घ उच्चारांची मोजणी, चुकली म्हणणं बरं दिसत नाही, आणि ते खरंही आहे. माझ्या शेवटच्या ओळीत दोन मात्रा जास्त आहेत हे तिथल्या निदान दहा जणांच्या लक्षात आलं असणार. कुणीच बोललं नाही, आणि मीही दुसऱ्यांच्या बाबतीत बोलत नव्हते.

बायांनो, मुलींनो, आणखी एक: ग्रुपात आलात की तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. ग्रुपप्रमुख कोण आहे, रात्री-अपरात्री खाजगी मेसेज करणाऱ्याला तो काढतो का, हे आधी आतल्या एखादीला विचारा आणि मगच शिरा.

इन्स्टाग्राम, फेसबुक

तीच कविता चित्रावर लिहून इन्स्टाला टाकली. पोपडे निघालेल्या भिंतीचा फोटो, वर चार ओळी, खाली नाव. लाइक शंभरावर गेले, त्यातले बहुतेक अनोळखी. पहिल्यांदा कुणी परकं माणूस आपली कविता वाचतंय हे कळतं तेव्हा जे वाटतं ते ग्रुपात वाटत नाही; ग्रुपातले आपलेच असतात. ज्याला वाचक हवाय त्यानं इथं कधी ना कधी यावंच. एका पोस्टमध्ये 20 चित्रं बसतात, म्हणजे दीर्घ कविताही कडव्याकडव्यानं मांडता येते. आवाज चांगला असेल तर रील करा. मराठी कविता कानानं ऐकायची परंपराच आहे, ती तिथं पुन्हा जिवंत होते असं मला मनापासून वाटतं.

फेसबुकचं थोडं वेगळं. तिथं मजकूर सरळ लिहिता येतो, नंतर दुरुस्त करता येतो, आणि वाचणारे वयानं मोठे, त्यामुळं खाली दोन-चार ओळी लिहून बोलणारे जास्त. तरुण पोरं तिथं फारशी फिरकत नाहीत. मुक्तछंद, लांब कविता फेसबुकला. चारोळी, शेर इन्स्टाला. माझा अनुभव एवढाच आहे आणि त्यावर फार डोकं घालवायची गरज नाही.

डोकं घालवायचं ते दुसऱ्या दोन गोष्टींवर. तीन महिन्यांनी माझ्या त्याच चार ओळी एका भलत्याच पानावर दिसल्या. नाव कापलेलं, भिंत तीच. रडू आलं. मी आधीची तारीख दाखवून लिहिलं, तेव्हा त्यांनी ती काढली. कायद्याचं म्हणाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं कविता लिहिली त्या क्षणी ती तुमची होते, नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क कवी असेपर्यंत व त्यानंतर 60 वर्षं राहतो. पण चार ओळींसाठी कोर्टात कोण जातं? म्हणून साधा उपाय: नाव चित्राच्या कडेला न घालता ओळींना लागून घालावं, आणि कविता टाकण्याआधी तारखेसकट स्वतःला ईमेल करून ठेवावी.

दुसरी गोष्ट, आणि नवीन पोरांना हे कुणीच सांगत नाही: बरेच दिवाळी अंक आणि स्पर्धा अप्रकाशित कविताच मागतात. सगळ्यांना दिसेल अशी टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशित धरतात. अंकाला पाठवायची तुमची सगळ्यात चांगली कविता निकाल लागेपर्यंत तिथं टाकू नका.

सहा जणांचं कोंडाळं

आता तिसरं. मोठ्या ग्रुपातल्याच सहा जणांनी आम्ही वेगळं जमायचं ठरवलं. एक निवृत्त मराठीचे मास्तर, एक नर्स, कॉलेजातल्या दोघी, वडगावचा एक शेतकरी आणि मी. एक रविवार आड, रात्री नऊला गूगल मीट. फुकटात तीन किंवा जास्त माणसांना 60 मिनिटं मिळतात, म्हणजे माणशी दहा. ती मर्यादा आम्हाला वरदान ठरली, कारण एकालाही भाषण करता येत नाही. कविता दोन दिवस आधी टाइप करून पाठवायची, रविवारी कवीनं मोठ्यानं वाचायची, आणि कवीनं शेवटपर्यंत गप्प बसायचं.

माझी रेघेची कविता वाचल्यावर कुणीच लगेच बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "शेवटची ओळ बोटांवर मोजा." मोजली. बाकी तिन्ही ओळी आठ आणि आठ, सोळा मात्रांच्या. ही अठरा. मी म्हटलं, एखादा शब्द काढते. तेवढ्यात नर्सताई म्हणाल्या, "शब्द काढू नका, ओळच काढा. जखम मधीच कुठनं आली? आई पुसत्या म्हणालात ना, मग फडक्याचं काय झालं ते सांगा."

पंधरा दिवस ते फडकं माझ्या डोक्यात होतं. पुढच्या रविवारी मी वाचलं:

आई पुसते रोज तरीही
फडके केवळ ओले होते

मात्रा सोळा झाल्या, "चढले होते" आणि "ओले होते" जुळलं, आणि एका "होते"मध्ये झालेला पूर, दुसऱ्यात रोजचं पुसणं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. मास्तरांनी दाखवलं तेव्हा मलाच दिसलं. चाळीस "अप्रतिम" मिळाले होते त्या कवितेला, आणि ती पुरी झाली ती नर्सताईंच्या एका प्रश्नानं.

असं कोंडाळं ही काही नवी गोष्ट नाही. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं ते असंच मूठभर कवींचं: चहा घ्यायचा आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. त्यातले माधव जूलियन पुढं आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात फारसी शिकवायला आले. मराठीला गझलेची आणि छंदशास्त्राची गोडी लावणारा माणूस या गावात राहिला, हे इथल्या प्रत्येक हौशी कवीनं ठाऊक करून घ्यावं.

या वाटेला काटे आहेत, तेही सांगते. शेतकरीदादांनी एकदा वडिलांवरची कविता वाचली. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. मी लगेच म्हटलं, दुसऱ्या कडव्यात काळ बदललाय, आधी "गेला" आणि मग "जातो". ते "बरोबर आहे" म्हणाले, आणि पुढचे चार रविवार आले नाहीत. व्याकरण माझं बरोबर होतं, पण वेळ साफ चुकली होती. मी वडगावला जाऊन माफी मागितली. तेव्हापासून वाचण्याआधी प्रत्येकाला विचारतो: आज नुसतं ऐकायचं का बोलायचं? दर वेळी कुणीतरी "आज नुसतं ऐका" म्हणतंच.

दुसरा काटा: वर्षभरात सहाही जण थोडं एकसारखं लिहायला लागतात. मास्तरांना आवडतं ते सगळ्यांना आवडायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे मधून मधून नवीन माणूस घेणं. आणि कोंडाळं आपोआप चालत नाही. शुक्रवारी आठवण करणारा एक जण लागतोच. आमच्यात ते काम मी करते.

प्रत्यक्षच का भेटत नाही, असं विचारतात. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उभं आहे, शाहू स्मारक भवनात कार्यक्रम होतात, आम्हीही अधूनमधून रंकाळ्यावर जमतो. पण नर्सताईंची रात्रपाळी, पोरींच्या घरची परवानगी आणि जुलैतला पाऊस धरला तर महिन्यातून दोन रविवार फोनवरच जमतात.

मग कुणी कुठं जावं

लिहायला बसणंच जमत नसेल, लाज वाटत असेल, तर मोठा ग्रुप. सहा महिने रोज लिहा आणि रोज दुसऱ्या दोघांच्या कविता पूर्ण वाचा. "छान" लिहायच्या ऐवजी आवडलेली ओळ तशीच उतरवून पाठवा. हे करायला अर्धा मिनिट लागतो, आणि समोरच्याला कळतं की आपण शेवटपर्यंत वाचलं. शिरोळच्या ताईंच्या त्या एका वाक्यातून मला तेच कळलं होतं.

दहा-वीस कविता झाल्या असतील आणि आपण कुठं कमी पडतो हे कळत नसेल, तर कोंडाळं. तयार मिळालं नाही तर ग्रुपात कोण नीट वाचतंय ते बघा आणि त्यांनाच विचारा. सहा नाही, तिघं पुरतात. गझल लिहिणाऱ्यानं लघु-गुरू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब, येणारा एक माणूस आत असल्याशिवाय बसूच नये, नाहीतर काफिया, म्हणजे यमक, जुळतो आणि वृत्त, म्हणजे ओळीची ठरलेली चाल, मोडलेलं राहतं.

इन्स्टा सगळ्यात शेवटी. माझं हे मत अनेकांना पटत नाही. आमच्यातल्या कॉलेजच्या पोरी म्हणतात, आधी वाचक मिळाले म्हणून तर आम्ही लिहीत राहिलो. त्यांचं त्यांच्यापुरतं खरं आहे. पण कच्ची कविता शंभर जणांना आवडली की ती पुन्हा हातात घ्यावीशी वाटत नाही. माझी ती जुनी शेवटची ओळ अजून कुणाकुणाच्या स्टेटसवर फिरते, ती आता परत आणता येत नाही.

पोराला मी म्हटलं, रविवारी ये, पहिल्या दोन वेळा नुसता ऐक, मग गुऱ्हाळाची वाच. तो आला. तिसऱ्या रविवारी त्यानं वाचली, आणि शेतकरीदादांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काहिलीतला पाक उतरायला आला की वास बदलतो बघ. तो वास कुठं आहे तुझ्या कवितेत?" तो पंधरा दिवसांनी पुन्हा वाचणार आहे.